‘कारण’ ते ‘तरीही’ : मालिका पाहा, इंग्रजी जोडा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



संध्याकाळी दिवेलागणीनंतर घराघरांत टीव्हीपुढे जे काही घडतं, त्याबद्दल चारचौघांत चांगलं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. सासू-सुनांची भांडणं, दुसरं लग्न, हरवलेलं मृत्युपत्र, जिन्यावरून झालेली ढकलाढकली. ‘काय बघता हो ते!’ असं म्हणायचं आणि जेवणाचं ताट घेऊन तिथंच बसायचं, हा आपला रिवाज. आज मी मात्र या मालिकांची बाजू घेणार आहे. इंग्रजी शिकताना आपली मुलं आणि आपण मोठी माणसंही जिथं हमखास अडखळतो, तिथं या मालिका मोठ्या कामाच्या आहेत.

आपण अडखळतो कुठं? शब्दांपाशी नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या पहिल्या तुकडीतली मुलं आज संसाराला लागली आहेत. त्यांना शब्द भरपूर येतात. मोबाइलनं आणखी शिकवले. पण चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली, की सगळी गाडी ‘अँड... अँड... बट... सो...’ या चार स्टेशनांवरच थांबत जाते. वाक्यं असतात, पण सुटी सुटी. मोती आहेत, दोरा नाही.

हा दोरा म्हणजे जोडशब्द. शाळेत आपण त्यांना उभयान्वयी अव्यय म्हणायचो. ‘आणि’ समुच्चयबोधक, ‘किंवा’ विकल्पबोधक, ‘पण’ न्यूनत्वबोधक, ‘म्हणून’ परिणामबोधक. ही नावं पाठ करताना तोंडाला फेस यायचा, पण त्यामागची कल्पना सोपी होती. दोन गोष्टींचं एकमेकींशी नातं काय, ते हा छोटासा शब्द सांगतो. आणि नातं म्हटलं, की मालिकेशिवाय दुसरं आहे काय? मालिका चालते ती नात्यांवर आणि गुन्ह्यांवर. नात्यात ‘तरीही’ असतं, गुन्ह्यात ‘कारण’ असतं.

मुळात हा प्रकार जन्मला तोच रेडिओवर. शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावर १९३० साली ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची रोजची कौटुंबिक मालिका सुरू झाली. पुढे अशा मालिकांना साबण बनवणाऱ्या कंपन्यांनी पैसा पुरवला, म्हणून त्यांचं नाव पडलं सोप ऑपेरा. आपल्याकडेही आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. रेडिओवर चेहरा दिसत नाही, म्हणून कोण का रागावलं आणि रागावूनही का थांबलं, हे शब्दांनीच सांगावं लागतं. बीबीसीनं १९४३ साली रेडिओवरून इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. तेव्हा गोष्ट ऐकत भाषा शिकणं हे काही आजचं खूळ नव्हे.

आता एक गंमत बघा. २००० साली सुरू झालेली आणि २००८पर्यंत चाललेली एक हिंदी मालिका अख्ख्या देशानं पाहिली. २०२५मध्ये ती नव्यानं परतही आली. तिचं नाव ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. या नावाचा पहिलाच शब्द जोडशब्द आहे. ‘कारण सासूसुद्धा एके काळी सून होती.’ बरं, मग? कशाचं कारण? कारण सांगितलं, पण ज्याचं कारण ती गोष्ट गायबच आहे. मालिकेचं नाव म्हणून ते झकास, कारण पुढची गोष्ट काय हे बघायलाच आपण बसतो. पण मुलं परीक्षेत नेमकं हेच करतात. ‘आय डिड नॉट कम यस्टरडे.’ पूर्णविराम. ‘बिकॉज आय वॉज इल.’ पूर्णविराम. लेखी इंग्रजीत हे दुसरं वाक्य अर्धवट मानतात. ‘बिकॉज’ला एकटं राहता येत नाही, त्याला मुख्य वाक्याच्या घरातच नांदावं लागतं. दोन्ही मिळून एक वाक्य करा : ‘आय डिड नॉट कम यस्टरडे बिकॉज आय वॉज इल.’ हा नियम सांगताना मुलांना त्या मालिकेचं नाव पुरं करायला लावा. ‘तिनं सुनेचं दुःख ओळखलं, क्योंकि...’ असं प्रत्येक जण आपापलं वाक्य करतो, आणि नियम डोक्यात पक्का बसतो.

दुसरं उदाहरण ‘सीआयडी’चं. १९९८पासून वीस वर्षं चाललेली आणि २०२४च्या डिसेंबरात परत आलेली ही मालिका. त्यात एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम आपलेच. त्यातला दया दार तोडतो, हे शेंबडं पोरही सांगेल. आता हे वाक्य घ्या : ‘दया ब्रोक द डोअर बिकॉज इट वॉज लॉक्ड.’ दार बंद होतं म्हणून तोडलं. ठीक आहे. आता ‘बिकॉज’च्या जागी ‘ऑलदो’ घाला : ‘दया ब्रोक द डोअर ऑलदो इट वॉज ओपन.’ दार उघडं होतं तरी तोडलं! झालं, वर्ग हसायला लागतो. ‘बिकॉज’ म्हणजे अपेक्षेप्रमाणे घडलं, ‘ऑलदो’ म्हणजे अपेक्षेविरुद्ध घडलं. व्याकरणाच्या पुस्तकात अर्धं पान खाणारी गोष्ट एका लाथेत समजते.

आता आपणच एक मालिका रचू. इनामदारांचा वाडा. घरात माई, म्हणजे सासूबाई. थोरला मुलगा आणि सून सुधा. धाकटा विक्रम, त्याच्यावर कर्ज. घरात सत्यनारायणाची पूजा आहे आणि तीर्थप्रसाद चालू असताना माईंचा चंद्रहार कपाटातून नाहीसा होतो. एवढं भांडवल आपल्याला पुरे.

पहिली पायरी ‘ऑलदो’ची. ‘सुधा रागावली होती, तरी तिनं माईंना चहा दिला.’ मराठीत आपण म्हणतो, ‘जरी सुधा रागावली होती, तरी तिनं चहा दिला.’ जरी आणि तरी, दोघं जोडीनं येतात. त्यामुळे इंग्रजीतही आपण जोडी लावतो : ‘ऑलदो सुधा वॉज अँग्री, बट शी गेव्ह हर टी.’ इंग्रजीत ही जोडी चालत नाही. ‘ऑलदो’ आला की ‘बट’नं बाहेर थांबायचं, ‘बट’ आला की ‘ऑलदो’नं. एका वाक्यात दोघींपैकी एकीचीच सत्ता. ‘ऑलदो सुधा वॉज अँग्री, शी गेव्ह हर टी.’ बस्स. याच घरातली तिसरी ‘डिस्पाइट’. तिच्यामागं पुरं वाक्य येत नाही, नाम येतं : ‘डिस्पाइट हर अँगर’. आणि ‘डिस्पाइट’मागं ‘ऑफ’ लावायचा नाही. ‘ऑफ’ हवाच असेल, तर ‘इन स्पाइट ऑफ’ म्हणा.

दुसरी पायरी ‘अनलेस’ आणि ‘अन्टिल’ची. इन्स्पेक्टर वाड्यात येतो आणि सांगतो, ‘जोपर्यंत हार सापडत नाही, तोपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही.’ मराठीत ‘सापडत नाही’ हा नकार आहे. म्हणून आपण इंग्रजीत म्हणतो, ‘अन्टिल वुई डू नॉट फाइंड द नेकलेस...’ इथं फसगत होते. ‘अन्टिल’ला तो नकार नको असतो. ‘नोबडी लीव्ह्ज अन्टिल वुई फाइंड द नेकलेस.’ ‘अनलेस’चंही तसंच. ‘अनलेस’च्या पोटातच ‘नाही’ आहे. विक्रमला सावकाराचा फोन येतो : ‘अनलेस यू पे टुमॉरो, आय विल टेल युवर मदर.’ उद्या पैसे दिले नाहीस, तर आईला सांगेन. इथं ‘अनलेस यू डोन्ट पे’ म्हटलं, तर सावकाराची धमकीच उलटी होते : पैसे दिलेस, तर आईला सांगेन!

तिसरी पायरी ‘इन केस’. याचं भाषांतर मुलं सरसकट ‘जर’ करतात. पण त्याला मराठीत फार सुंदर शब्द आहे : ‘न जाणो’. माई म्हणतात, ‘कपाटाला दुसरं कुलूप लावून ठेव. न जाणो, चोर परत आला तर!’ चोर येवो न येवो, कुलूप आत्ताच लागणार. तो झाला ‘इन केस’. आणि ‘चोर आला, तर आरडाओरडा कर’ यात आरडाओरडा चोर आल्यावरच. तो झाला ‘इफ’. आजी जे ‘न जाणो’ म्हणून पिशवीत छत्री टाकते, ते ‘इन केस’.

चौथी पायरी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती आहे आपल्या ‘म्हणून’ची. हा शब्द मराठीत दोन कामं करतो. ‘सुधा रागावली म्हणून माहेरी गेली.’ हा परिणाम. ‘सुधानं माहेरी जावं म्हणून कुणीतरी हार लपवला.’ हा हेतू. आपण ऐकताना क्रियापदाच्या रूपावरून फरक ओळखतो, कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र शब्दच बदलतात. परिणामाला ‘सो’, हेतूला ‘सो दॅट’. ‘सुधा वॉज अँग्री, सो शी लेफ्ट.’ आणि ‘समवन हिड द नेकलेस सो दॅट सुधा वुड लीव्ह.’

इथं गोष्ट व्याकरणाबाहेर जाते. ‘त्यानं ढकललं आणि तो माणूस पडून मेला’ हे एक वाक्य. ‘तो माणूस मरावा म्हणून त्यानं ढकललं’ हे दुसरं. माणूस दोन्हीकडे गेलाच. पण दुसऱ्या वाक्यात हेतू आला, आणि हेतू होता की नव्हता यावर कायद्यात गुन्ह्याचं नाव बदलतं, शिक्षा बदलते. वकील ज्याच्यासाठी तासन्‌तास भांडतात, तो फरक इंग्रजीत एका ‘दॅट’वर उभा असतो.

तसाच दुसरा फरक ‘आफ्टर’ आणि ‘बिकॉज’चा. माईंना सुधानं दूध दिलं. त्यानंतर माई आजारी पडल्या. मालिकेत लगेच कॅमेरा सुधाच्या चेहऱ्यावर तीनदा आदळतो आणि संगीत कडाडतं. म्हणजे काय केलं? ‘आफ्टर’ पुसून ‘बिकॉज’ लिहिला. ‘माई फेल इल आफ्टर सुधा गेव्ह हर मिल्क’ ही घटना आहे. ‘माई फेल इल बिकॉज सुधा गेव्ह हर मिल्क’ हा आरोप आहे. मालिकेत निदान चाळीस भागांनी सुधा निर्दोष सुटते. प्रत्यक्षात गल्लीत, नात्यात, मोबाइलवरच्या निरोपांत आपण हा ‘नंतर’चा ‘म्हणून’ किती सहज करतो! ‘ती घरात आली आणि धंदा बसला.’ सून आली आणि धंदा बसला, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण मधल्या ‘आणि’त दडवलेला ‘म्हणून’ खरा आहे का? त्या दडवलेल्या शब्दापायी किती मुलींनी आयुष्यभर ‘पांढऱ्या पायाची’ हे बोल ऐकले. इंग्रजीचा तास घेता घेता मुलांना हे विचारलं, तर भाषेच्या पलीकडचंही काही त्यांच्या हाती लागतं.

हे सारं आपल्याच मालिकांत सापडतं असं नाही. लंडनच्या ईस्ट एंड भागावर बेतलेली बीबीसीची ‘ईस्टएंडर्स’ ही मालिका फेब्रुवारी १९८५मध्ये सुरू झाली आणि तिनं चाळिशी ओलांडली आहे. तिच्यातलं एक कथानक सांगतो. डेन आणि अँजी हे जोडपं पब चालवतं. डेनला दुसऱ्या बाईसाठी अँजीला सोडायचं असतं. त्यानं सोडून जाऊ नये म्हणून, म्हणजे ‘सो दॅट’, अँजी खोटंच सांगते, की मी आता सहाच महिन्यांची सोबतीण आहे. तो थांबतो. का? ‘बिकॉज’, त्याला ते खरं वाटतं. दोघं व्हेनिसला फिरायला जातात. ‘हाउएव्हर’, परतीच्या प्रवासात आगगाडीत ती हे गुपित एकाला सांगत असते आणि ते डेनच्या कानी पडतं. मग १९८६च्या नाताळाच्या दिवशी, ‘ऑलदो इट वॉज ख्रिसमस’, तो तिच्या हाती घटस्फोटाचे कागद ठेवतो. त्या भागाची प्रेक्षकसंख्या तीन कोटींच्या घरात नोंदली गेली. बघा, चार जोडशब्दांत सगळी गोष्ट उभी राहिली. ते चार शब्द काढून घ्या. मग उरतं ते असं : ती खोटं बोलली, तो थांबला, ते फिरायला गेले, त्यानं कागद दिले. घटना त्याच, पण माणसं गेली. त्यांचा स्वार्थ, भीती, सूड सगळं गेलं.

तशीच अमेरिकेतली ‘डॅलस’. मार्च १९८०मध्ये तिच्या एका भागाच्या शेवटी जे. आर. युइंग या खलनायकाला कुणीतरी गोळी घातली. कुणी घातली, हे कळायला प्रेक्षकांना नोव्हेंबर उजाडला. गोळी घालणारी निघाली बायकोची बहीण, म्हणजे मेहुणी. मधले आठ महिने लोक करत काय होते? जोडशब्दच वापरत होते. ‘त्याच्या बायकोनं घातली असेल, कारण... पण तिनं घातली नसेल, जर...’ संशयितांची तुलना करायची झाली, की ‘व्हेअरॲज’ येतो : हिला कारण होतं, तर त्याला संधी होती. तपास म्हणजे दुसरं काय? सुट्या गोष्टींमधला खरा जोडशब्द शोधणं.

आता हे घरी करायचं कसं, ते सांगतो. वहीपेन्सिल घेऊन टीव्हीपुढं बसायला नको, त्यानं मालिकेचीही मजा जाते. भाग संपल्यावर, जेवणं उरकताना, घरातल्या मुलानं किंवा मुलीनं त्या दिवसाची गोष्ट तीनच वाक्यांत सांगायची. आधी मराठीत. मराठीत सांगताना ‘आणि मग... आणि मग...’ बंद. प्रत्येक वाक्यात कारण, म्हणून, तरी, नाहीतर यांपैकी एक शब्द हवा. मराठीत जोड बरोबर बसला, की मग तेच इंग्रजीत. नातं मनात स्पष्ट नसेल, तर ते कोणत्याच भाषेत उतरत नाही. आपल्याकडच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या, त्या याच वाटेनं : आपलं वाक्य आधी नीट पाहायचं, मग त्यांचं.

दुसरा खेळ जाहिरातींच्या वेळचा. पुढं काय होणार, ते प्रत्येकानं ‘इफ’ किंवा ‘अनलेस’ वापरून सांगायचं. ‘अनलेस विक्रम टेल्स द ट्रुथ, सुधा विल लीव्ह द हाउस.’ ज्याचा अंदाज खरा, त्याला शेवटची पुरणपोळी. तिसरा खेळ म्हणजे एकाच प्रसंगाला दोन जोडशब्द लावून बघायचे आणि कोण दोषी ठरतं ते सांगायचं. यात आजी-आजोबांना जरूर घ्या. इंग्रजी येत नसलं, तरी कुणाचा हेतू काय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

एक सावधगिरी मात्र हवी. हे शब्द शिकले, की काही मुलं निबंधात प्रत्येक वाक्याआधी ‘मोरओव्हर’, ‘फरदरमोअर’, ‘देअरफोर’ पेरतात. मुद्दा पुढं गेलेला नसतो, पण ‘मोरओव्हर’ येतो. निष्कर्ष निघालेला नसतो, पण ‘देअरफोर’ येतो. हे म्हणजे मालिकेत कुणी नुसतं ‘मीठ द्या’ म्हटलं, तरी मागं ढोल वाजावेत तसं. जोड तेव्हाच लावावा, जेव्हा खरोखर दोन तुकडे जुळायचे असतील.

कुणी विचारेल, एवढ्याशा शब्दांचं इतकं महत्त्व कशाला? त्याचं उत्तर रोजच्या कागदांत आहे. विम्याच्या पॉलिसीत ‘प्रोव्हायडेड दॅट’ असतं, म्हणजे ‘अमुक अट पाळली तरच’. भाडेकरारात ‘अनलेस’ असतं, औषधाच्या चिठ्ठीत ‘अन्टिल’ असतं. मोठे शब्द अडले, तर आपण कुणाला तरी विचारतो. हे छोटे शब्द आपल्याला येतात असं वाटतं, म्हणून विचारत नाही आणि तिथंच नुकसान होतं.

आणि त्याहून महत्त्वाचा असतो तो स्वतःची गोष्ट सांगायचा प्रसंग. समजा, तालुक्याच्या गावातला एक मुलगा मुलाखतीला बसला आहे. त्याला इंग्रजीत विचारतात, स्वतःबद्दल सांगा. तो सांगतो : ‘आय फेल्ड इन ट्वेल्फ्थ. अँड आय वर्क्ड इन अ शॉप. अँड आय पास्ड. अँड आय डिड बी. कॉम.’ यात एकही चूक नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानावर पहिल्यांदा आदळतं ते ‘फेल्ड’, आणि बाकीचं त्याच्या मागं वाहून जातं. आता तीच हकीकत अशी ऐका : ‘ऑलदो आय फेल्ड इन ट्वेल्फ्थ, आय डिड नॉट गिव्ह अप. आय वर्क्ड इन अ शॉप सो दॅट आय कुड पे माय फीज.’ बारावीत नापास झालो, तरी मी सोडून दिलं नाही. फी भरता यावी म्हणून दुकानात काम केलं. आयुष्य तेच आहे. पण आता त्या अपयशापुढं ‘तरीही’ उभा आहे, आणि दुकानातल्या नोकरीमागचा हेतू दिसतो आहे.

त्या मुलाकडे ही जिद्द आधीपासून होती. नव्हता तो फक्त ती दाखवणारा शब्द. तो शब्द त्याला मालिका बघता बघता, घरच्यांशी हसतखेळत मिळत असेल, तर रोजचा अर्धा तास टीव्हीला द्यायला माझी हरकत नाही. मात्र भाग संपल्यावर टीव्ही बंद करायचा, आणि गोष्ट आपण सांगायची.